पोरके नाथ आणि नाथांघरची पोरे

श्रीएकनाथमहाराजांच्या चरित्रात वारकऱ्यांस नवे सांगावे असे काय आहे? कावडीने रांजण भरणारा श्रीखंड्या, रामेश्वराच्या वाटेवर गंगोदक पिऊन उठलेले गाढव, १०८ वेळा अंगावर थुंकणारा यवन आणि तितक्याच वेळा गोदास्नानास परत जाणारे नाथ, या कथा आपण आईच्या मांडीवर ऐकल्या, पुढे दिंडीत ऐकल्या, आणि फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणच्या वाळवंटात बसून पुन्हा ऐकल्या. पण या सगळ्या कथांच्या तळाशी एक साधी गोष्ट आहे, आणि चमत्कारांच्या गर्दीत ती बिचारी मागे राहते. ती ही की, नाथ हे पोरके मूल होते. आईबापांचे तोंड त्यांस आठवत नव्हते. असे मूल पुढे नाथ कसे झाले, त्याला कोणी उचलून घेतले, आणि मोठेपणी त्याने कोणाकोणाला उचलून घेतले, एवढाच धागा धरून आज आम्ही हे चरित्र सांगणार आहो.

नाथांचे घराणे पैठणचे. पणजोबा भानुदासमहाराज, ज्यांनी विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती परत पंढरीस आणली असे परंपरा सांगते. भानुदासांचे पुत्र चक्रपाणि, चक्रपाणींचे सूर्यनारायण, आणि सूर्यनारायण व रुक्मिणी यांच्या पोटी एकनाथ. जन्मशकाविषयी विद्वानांत मतभेद आहे. पुष्कळजण शके १४५५ म्हणजे इ. स. १५३३ च्या सुमारास धरतात. शकापेक्षा नक्षत्र महत्त्वाचे ठरले. नाथ मूळ नक्षत्रावर जन्मले. त्यांच्या एका अभंगात त्यांनी स्वतःच ही गोष्ट सूचित केली आहे, आणि तीही मूळ या शब्दाशी हसतखेळत. बाळ अगदी लहान असतानाच बाप गेला, आई गेली. घरात उरले दोन म्हातारे जीव आणि एक तान्हे मूल.

आता येथे थोडे थांबले पाहिजे. आम्ही पाठशाळेत मुहूर्तग्रंथ वाचलेली माणसे आहो. ज्येष्ठा नक्षत्र संपता संपता आणि मूळ लागता लागता जी संधी येते तिला अभुक्त मूळ म्हणतात. त्या घटकेस जन्मलेल्या बाळाचा त्याग करावा, नाहीतर बापाने आठ वर्षे त्याचे तोंड पाहू नये, असे कठोर वचन त्या ग्रंथांतून आहे. त्याच शास्त्राने शांतीही सांगितली आहे, पण लोक शांती विसरतात आणि भीती तेवढी लक्षात ठेवतात. नाथांच्या जन्माची नेमकी घटका कोणती, हा प्रश्न आम्ही उकरीत नाही. परंतु मूळ नक्षत्राचे पोर आणि वर्षा-दोन वर्षांत आईबाप दोघेही गेलेले, एवढे पैठणसारख्या शास्त्र्यांच्या गावी बोलायला पुरेसे होते. पोर मुळावर आले, आईबापांस खाऊन बसले, असे म्हणायला का कोणाला पंचांग लागते?

आणि हे फक्त साडेचारशे वर्षांपूर्वीचे आहे असे समजू नये. आम्ही कीर्तनानिमित्त गावोगाव फिरतो. बाप गाडीखाली गेला, किंवा आई बाळंतपणात गेली, की मागे राहिलेल्या लेकराच्या पायगुणाची कुजबुज आजही ओसरीवर चालते. पाच वर्षांचे पोर ती ऐकते. त्याला मूळ नक्षत्र कळत नाही, पण आपल्याकडे पाहून माणसे आवाज खाली करतात एवढे कळते. आणि मग ते पोर मागायचे थांबते, रडायचे थांबते. लोक म्हणतात, किती शहाणे पोर! ते शहाणपण नव्हे, बाबांनो. ते भय आहे.

चक्रपाणि म्हाताऱ्याने काय केले? ऐन उतारवयात कर्ता मुलगा गेला, सून गेली. रागवायला, दैवाला बोल लावायला, त्या नक्षत्राकडे बोट दाखवायला त्यांच्याइतके कारण दुसऱ्या कोणाकडे होते? पण नाथांचे सारे चरित्रकार एका तोंडाने सांगतात की आजा-आजींनी या नातवाला जिवापलीकडे जपले. सहाव्या वर्षी मुंज केली, घरी पंडित ठेवून अध्ययन सुरू केले. पोर खेळायचे काय, तर दगडाचा देव मांडायचा, त्याला फुले वाहायची, पळी खांद्यावर घेऊन तिचा वीणा करायचा आणि कीर्तनाला उभे राहायचे. अनेक घरांत अशा पोराला उठवून पाटीपुढे बसवतील. येथे आजा कौतुकाने बघत बसे. पंडितास हे पोर असे प्रश्न विचारी की त्याची उत्तरे पोथीत सापडत ना. पंडित कंटाळले, आजोबांकडे तक्रार घेऊन गेले. प्रश्न विचारल्याबद्दल नातवाला मार बसल्याचे मात्र कोणत्याही चरित्रात नाही.

या घराण्यात आणखी एक आठवण होती. भानुदास दहाएक वर्षांचे असताना अभ्यासावरून वडील रागे भरले, आणि पोर रुसून गावाबाहेरच्या एका पडक्या देवळात जाऊन बसले. तेथे सूर्यनारायणाची मूर्ती होती. सात दिवस पोराचा पत्ता नाही. प्रत्यक्ष सूर्यदेवाने ब्राह्मणाच्या रूपाने दूध पाजून त्याला राखले, अशी कथा महीपतींनी गायिली आहे. इकडे आईबाप वेड्यासारखे शोधत फिरले आणि अखेर त्या देवळात त्यांस पोर सापडले. चक्रपाणि हे त्या भानुदासांचे पुत्र. त्यांनी आपल्या मुलाचे नाव सूर्यनारायण ठेवले ते उगीच नसावे. हरवलेले पोर शोधायला जायचे असते, हे त्या घरात पोथी उघडण्याआधी शिकवले जात होते असे आम्ही समजतो.

आणि ती वेळ चक्रपाणींवरही आली. नाथ बारा वर्षांचे असावेत. रात्री शिवालयात बसले असता देवगिरीस जनार्दनस्वामींकडे जा अशी वाणी त्यांनी ऐकली, आणि घरी कोणास न सांगता ते निघाले. पैठणहून देवगिरी साठ किलोमीटरांच्या आसपास. एकटे पोर, रान, नद्यानाले. सकाळी आजीने हाक मारली असेल आणि ओ आली नसेल. कीर्तनात येथे आम्ही नाथांच्या वैराग्याचे वर्णन करतो, श्रोते माना डोलवतात. त्या गर्दीत मागे बसलेली एखादी म्हातारी मात्र पदर डोळ्यांस लावते. तिला वैराग्य दिसत नसते, रिकामे अंथरूण दिसत असते. चरित्राचा तोही अर्धा भाग आहे.

मायेने वाढवलेले पोर असे निघून कसे गेले, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे आहे की, माया होती म्हणूनच जाऊ शकले. घरातून पळालेले पोर वेगळे आणि घरातून निघालेले पोर वेगळे. आजकालच्या बालमनाच्या अभ्यासकांनीही हेच पाहिले आहे. जॉन बोल्बी नावाचे इंग्रज मनोवैद्य होते. बेघर झालेल्या मुलांच्या मनःस्वास्थ्याविषयी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली एक अहवाल लिहिला. मुलाला अन्नाइतकीच एका मायेच्या, कायमच्या माणसाची गरज असते, असे त्यांचे सांगणे. आणि ते माणूस जन्मदात्री आईच असली पाहिजे असा त्यांचा आग्रह नव्हता. मेरी एन्सवर्थ या विदुषींनी पुढे युगांडातल्या खेड्यांत आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात घरोघर जाऊन तान्ही मुले पाहिली. हाक मारली की आपले माणूस येते अशी ज्या मुलाची खात्री असते, ते मूल मांडीला चिकटून न बसता धीटपणे दूर रांगत जाते आणि नवी वस्तू हाताळून पाहते, असे त्यांस आढळले. उलट बाजूचे उदाहरण रुमानिया देशाचे. १९८९ साली तेथील राजवट कोसळल्यावर अनाथालयांची दारे जगाला उघडी झाली. आत हजारो मुले होती. खाटा होत्या, पण एका मुलाचे म्हणून एक माणूस नव्हते. पुष्कळ मुलांचे बोलणे खुंटले होते, वाढ खुंटली होती. त्यांतली जी लवकर, अगदी पहिल्या काही महिन्यांत, कुणाच्या घरात गेली ती बरीच सावरली. जी उशिरा गेली त्यांतल्या अनेकांना पुढे फार जड गेले. नाथांना त्यांचे माणूस पहिल्या दिवसापासून मिळाले होते. एक नव्हे, दोन.

देवगिरीस जनार्दनस्वामी गडाचा कारभार पाहत. दत्तभक्त, विद्वान, आणि सरकारी कामात चोख. त्यांनी या पोराला पोटच्या मुलासारखे ठेवून घेतले, पण लाडावून ठेवले नाही. सेवा दिली, अध्ययन दिले आणि हिशेबाची वही दिली. एके रात्री हिशेबात एका पैची चूक लागेना. नाथ दिवा लावून बसले, मध्यरात्र उलटली. स्वामी जागे होऊन पाहतात तो शिष्य वहीत बुडालेला. चूक सापडली तेव्हा नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर जन्माची चूक सापडली असता केवढा होईल, असे स्वामींनी त्यांस सुचविले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस तीत दुसरेच काही दिसते. चूक झालेल्या मुलापाशी, त्याला न हिणवता, कोणी मोठे माणूस रात्री जागे राहिले होते. बारा वर्षांच्या वयात घर सुटलेल्या मुलाला असे माणूस न भेटते तर? देवगिरीच्या वाटेने निघालेली सगळीच पोरे काही जनार्दनस्वामींच्या दारी पोचत नाहीत.

पुढची वर्षे आम्ही भरभर सांगतो. शूलभंजनाच्या डोंगरावरचे तप, स्वामींबरोबर नाशिक-त्र्यंबकची यात्रा, तेथे गुरूंच्या आज्ञेने चतुःश्लोकी भागवतावर रचलेल्या ओव्या, नंतरचे एकट्याचे तीर्थाटन. तीर्थे करून नाथ पैठणास आले, पण घरी गेले नाहीत. गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात उतरले आणि माधुकरी मागू लागले.

इकडे चक्रपाणि स्वस्थ बसले नव्हते. नातू देवगिरीस आहे हा सुगावा लागल्यावर त्यांनी जनार्दनस्वामींचे आज्ञापत्र मिळवून ठेवले होते. हे पत्र जेथे हाती पडेल तेथेच राहावे आणि गृहस्थाश्रम स्वीकारावा, असा त्यातला मजकूर. म्हाताऱ्याची युक्ती पाहा! नातू आपले ऐकणार नाही, गुरूचे ऐकेल, हे त्याने ओळखले होते. वर्षानुवर्षे ते पत्र त्याने जपले. पैठणच्या वाटेवर एका तरुण संन्याशासारख्या दिसणाऱ्या माणसाला त्याने ओळखले, मिठी मारली, आणि पत्र हातात ठेवले. नाथांनी ते मस्तकी लावले आणि त्या जागेवरून पाऊल हलवले नाही. तेथेच घर बांधले गेले असे परंपरा सांगते. त्याच घरात गिरिजाबाई आल्या, आणि त्या घराचे दार पुढे कधी बंद झाले नाही.

त्या घरातले नाथ आता पाहू. भर दुपारी मध्याह्नस्नानास निघालेले नाथ, गोदेचे वाळवंट तव्यासारखे तापलेले. एक लहानसे पोर आईमागे धावत आले, आई पुढे निघून गेली आणि पोर वाळूत पडून टाहो फोडू लागले. पोर महारवाड्यातले. त्या काळच्या पैठणात त्याची सावली चालत नव्हती, आणि नाथ सोवळ्यात. नाथांनी त्याला उचलले, त्याचे नाक-तोंड पुसले, कडेवर घेऊन महारवाड्यात गेले आणि विचारीत विचारीत त्याच्या आईबापांच्या हवाली केले. पैठणच्या ब्रह्मवृंदाने काय गदारोळ केला असेल तो सांगायला नको. या कथेवर आजवर समतेच्या अंगाने पुष्कळ बोलले गेले आहे, आणि ते रास्तच आहे. आम्ही त्यात एवढेच जोडतो की, नाथांनी त्या पोराला वाळूतून उचलून सावलीत ठेवले असते आणि स्नानास गेले असते, तरी लोकांनी दया म्हणून नाव घेतले असते. पण ते त्याला आईपर्यंत पोचवून आले. नुसत्या सावलीने त्या पोराचे रडे थांबणार नव्हते, हे ज्याची आई तान्हेपणी गेली त्याला कोणी सांगावे लागले नाही.

गावबाची कथा आम्हांस त्याहूनही गोड वाटते. गावबा हे पैठणातलेच एक मुलखावेगळे पोर. बोलणे धड नाही, शिकणे नाही, ध्यास एकच, पुरणपोळी. गरीब आईने रोज पुरणपोळी आणावी कोठून? ती त्याला नाथांकडे घेऊन आली. नाथांनी त्याला ठेवून घेतले आणि गिरिजाबाई त्यास रोज पुरणपोळी वाढू लागल्या. आधी शिक, मग पोळी मिळेल, असा सौदा त्या घरात झाला नाही. नाथांनी त्याला मंत्र देऊ केला तर पोराच्या तोंडी एकच शब्द येई, एकनाथ. दुसरे नामच उच्चारीना. शास्त्रीमंडळी हसली. नाथांनी त्याचा तोच मंत्र राहू दिला. ज्याने आपल्याला पोटभर वाढले त्याचे नाव मूल आधी शिकते, यात हसण्यासारखे काय आहे? सगळी मुले याच क्रमाने बोलू लागतात.

नातू मुक्तेश्वर यांचेही असेच. मुलगी गोदावरी हिचा हा मुलगा लहानपणी मुका होता आणि आजोबांच्या कृपेने त्याला वाचा फुटली, अशी कथा आहे. महाभारताच्या आदिपर्वापासून पुढची पर्वे त्याने मराठीत अशी गायिली की त्या मुकेपणावर विश्वास बसत नाही.

पण सर्व गोडच लिहिले तर चरित्र खोटे होईल. नाथांचा स्वतःचा मुलगा हरिपंडित बापावर रुसून घर सोडून गेला. संस्कृताचा मोठा पंडित. बापाने प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्याला साहवेना. आम्हीही लघुकौमुदी घोकलेली माणसे. हरिपंडितांच्या त्या अभिमानाची चव आम्हांस चांगली ठाऊक आहे. तो काशीस निघून गेला. लक्षात घ्या, हे नाथ-गिरिजाबाईंच्या घरात वाढलेले मूल. म्हणजे मायेने वाढवले की पोर आपल्या म्हणण्यात राहते, असा नियम नाही. तसा हिशेब मांडून जो माया करतो त्याची फार निराशा होते.

नाथ काय करतात? म्हातारपणी काशीची वाट धरतात. बोलावणे पाठवत नाहीत, शाप देत नाहीत, गावात मुलाची निंदा करीत नाहीत. स्वतः जातात. मुलाने दोन अटी घातल्या: प्राकृत पुराण बंद, परान्न बंद. ज्यांनी शके १४९५ मध्ये याच काशीत बसून भागवताच्या एकादश स्कंधाची मराठी टीका पूर्ण केली आणि शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, त्या पुरुषाने मुलाला घरी आणण्यासाठी प्राकृत सोडायचे कबूल केले. हे वाक्य लिहिताना आमची लेखणी अडखळते. आयुष्यभराचे व्रत एका बाजूला आणि रुसलेले पोर दुसऱ्या बाजूला, आणि नाथ पोराकडे झुकले! काही जाणत्या मंडळींना हे नाथांच्या ठिकाणी न्यून वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. चक्रपाणींनी पत्र जपून ठेवले होते, नाथांनी अटी मान्य केल्या. दोघांनाही पोर घरी हवे होते.

पैठणास पुराण हरिपंडित सांगू लागले. श्रोते हळूहळू पांगले. मग एका गरीब बाईची सहस्र ब्राह्मण जेवू घालण्याची राहिलेली इच्छा पुरी व्हावी म्हणून नाथ तिच्याकडे एकटे जेवायला गेले. अट मोडू नये म्हणून स्वयंपाक हरिपंडितांनीच केला. जेवण झाल्यावर नाथांनी मुलाला उष्टी पत्रावळ उचलायला सांगितली. एक उचलली तो खाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या, आणि पंडितांचा ताठा गेला. अटी कोणी मोडा म्हटले नाही, त्या आपोआप सुटल्या. प्राकृत पुराण पुन्हा सुरू झाले, श्रोते परत आले, आणि मुलगा घरातच राहिला.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदेत देह ठेवला. तेव्हा भावार्थरामायण अपुरे होते. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले होते. घरात हरिपंडितांसारखा दशग्रंथी मुलगा, भोवती पैठणचे शास्त्री. परंतु पुढचे रामायण पुरे करण्याचे काम नाथांनी सोपविले होते गावबावर, त्या पुरणपोळीच्या पोरावर. ४५ व्या अध्यायापासून पुढची ओवी त्याची आहे.